काबोन्तोत पाण्याआधी वाट देतात

काबोन्तोला पहिल्यांदा येणारा माणूस हमखास दुखावतो. व्होल्टा नदीच्या उत्तर काठावरचे हे गाव गरीब नाही, माणूसघाणे तर अजिबातच नाही. पण उन्हातून चालत आलेला पाहुणा दारात उभा राहिला की घरची बाई त्याला "या, बसा" म्हणत नाही. वाळक्या भोपळ्याचा तुंबा पाण्याने भरून तिच्या हातात तयार असतो, तरी ती तो पुढे करत नाही. ती आधी रस्त्याकडे हात करते आणि म्हणते, "तुमची वाट तुम्हाला दिली." नवख्याला वाटते, आपल्याला हाकलले.

गावातले इद्रिसूबाबा बाजाराच्या तोंडाशी मीठ विकायला बसतात. असा रुसलेला पाहुणा दिसला की ते सरकून त्याला सावलीत जागा करून देतात. "हाकललं नाही रे बाबा तुला. याहून मोठा मान आमच्याकडे नाही. ऐक." मग ते लामिसीची गोष्ट सांगतात. त्यांनी ती आजीकडून ऐकली, आजीने तिच्या आजीकडून, आणि प्रत्येकीने म्हणे ती थोडी रागावूनच सांगितली.

फार जुना काळ. गोऱ्यांची गलबते समुद्रकाठी लागत, पण आतल्या मुलखात त्यांच्यापैकी कुणी पाऊल टाकले नव्हते. दक्षिणेच्या जंगलात आसांते लोकांचे मोठे राज्य होते. सोने त्यांच्याकडे, बंदुका त्यांच्याकडे, आणि कोलाची झाडेही त्यांच्याचकडे. कोला म्हणजे बोराएवढे कडवट बी. ते चघळले की भूक दबते, थकवा जातो. उत्तरेच्या गवताळ मुलखात ते पिकत नाही, आणि त्याच्याशिवाय तिकडे बारसे होत नाही की सोयरीक जुळत नाही. उत्तरेकडे होते मीठ, गुरे आणि शिया नावाच्या झाडाच्या बियांचे लोणी. म्हणून मीठ खाली जाई, कोला वर येई. गाढवांचे तांडे नदीपाशी थांबत, कारण पुढच्या जंगलातल्या माश्या चावल्या की गाढव महिनाभरात मरे. तिथून सगळा माल माणसांच्या डोक्यावर चढे.

नदीच्या अलीकडे काबोन्तो. पलीकडे दोन दिवसांच्या चालीवर, जिथे जंगल सुरू होते तिथे, आसुबेनी. आसुबेनीचा प्रमुख होता नाना सार्पोंग. नाना म्हणजे तिकडच्या बोलीत आजोबाही आणि प्रमुखही. तो आसांते राज्याचा मांडलिक, त्यामुळे त्याच्या शब्दामागे बंदुका उभ्या असत. काबोन्तोचा प्रमुख होता सोआले. दक्षिणेत प्रमुख कोरीव लाकडी आसनावर बसतो, उत्तरेत बिबट्याच्या कातड्यावर. काबोन्तोचा नियम असा, की प्रमुख वारला की कातडे गुंडाळून ठेवायचे. नव्या प्रमुखासाठी ते उलगडायचे ते घराण्यातल्या वडील बहिणीनेच, स्वतःच्या हातांनी. आणि कातडे गुंडाळलेले असेतो गावात बाजार भरत नाही, कारण भांडण झाले तर निवाडा करायला कुणी नसते.

ती वडील बहीण म्हणजे लामिसी. पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. त्या वर्षी सार्पोंगने कोला अडवून धरला होता, तेव्हा भावाने तिलाच बोलणी करायला पाठवले. "तू भांडायला बसलीस की समोरचा कंटाळून हो म्हणतो," सोआले म्हणाला. "मग लहानपणी तू कधी हो का नाही म्हणालास?" तिने विचारले. "मी आधीच कंटाळलेला होतो," तो म्हणाला. तेव्हाच त्याला खोकला होता. निघताना तिने त्या खोकल्याकडे लक्ष दिले नाही. याचे तिला पुढे फार वाईट वाटले, असे सांगतात.

आसुबेनीत तिचे स्वागत ढोल वाजवून झाले. तिच्या हातात पाणी दिले, ती प्याली. एक स्वच्छ घर तिला राहायला दिले. सार्पोंगने सगळ्या गावासमोर त्या घराच्या उंबरठ्यावर ताडी ओतली, पूर्वजांना साक्षी ठेवले आणि जाहीर केले, "या उंबरठ्याच्या आत लामिसी मालकीण." हे अर्थात तो स्वतः बोलला नाही. आसांते प्रमुख चारचौघांत स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने बोलणारा माणूस असतो, त्याच्या हातात सोन्याचा पत्रा चढवलेली काठी असते. सार्पोंगच्या या काठीवाल्याचे नाव अंतोबाम. गोड गळ्याचा, बारीक चणीचा, सदा हसतमुख.

बोलणी तीन दिवसांत झाली. कोला सुटला. चौथ्या दिवशी लामिसीने वाट मागितली.

त्या मुलखात रीत अशी होती, की ज्याच्या हातचे पाणी प्यायले त्याने "वाट दिली" म्हटल्याशिवाय पाहुण्याने निघायचे नाही. रीत मुळात चांगल्या मनाने पडली होती. पाहुणा उपाशी जाऊ नये, वादळात सापडू नये, सोबतीशिवाय जंगलात शिरू नये, म्हणून. पण तिला पिंजरा व्हायला फार काही लागले नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाची नियत फिरली, तेवढे पुरले.

"पाहुणेबाई, आज वाट कशी देणार?" अंतोबाम हसून म्हणाला. "आज वार चांगला नाही. नाना म्हणतात, अशा दिवशी सापही बिळातून निघत नाही."

वार बदलला, तिने पुन्हा मागितली. नानांची दाढ दुखत होती. मग निरोपाचा बकरा पुरेसा पोसला गेला नव्हता. मग नदी फुगली होती. नदी उतरली तेव्हा अंतोबाम म्हणाला, "उतरत्या नदीला ओढ जास्त असते, पाहुणेबाई. तुम्हाला काही झालं तर आम्ही तोंड कुठे लपवायचं?"

तिला खायला उकडलेले कोनफळ आणि मटण मिळे. बायका तिचे केस विंचरून देत. कुणी तिच्याशी चढ्या आवाजात बोलले नाही. गावात ती हवे तिथे फिरे, फक्त गावाच्या शेवटच्या घरापाशी तिचे पाय आपोआप थांबत, आणि तिथल्या म्हाताऱ्या उठून तिला प्रेमाने विचारत, "फिरायला आलात?" कोणी अडवत नव्हते. नदीवरचे नावाडीच मुळी प्रत्येक पाहुण्याला विचारत, "वाट कोणी दिली?" आणि नाव सांगता आले नाही तर दोर सोडत नसत. वाट न घेता निघाले तर यजमानाच्या आसनाचा अपमान. मग सार्पोंगला कोला कायमचा बंद करायला चांगलेच कारण मिळाले असते. आसांते राज्यानेही त्याचीच बाजू घेतली असती.

भेट म्हणून मिळालेला कोला तिने ओल्या पानांत बांधून ठेवला होता. कोला तसाच ठेवला तर त्याला कीड लागते, म्हणून दर पाच दिवसांनी गाठोडे सोडून, बी उलटसुलट करून ताज्या पानांत बांधावे लागते. ती ते करत राहिली. पाने बदलायची, वाट मागायची, हसून नकार ऐकायचा, पुन्हा पाने बदलायची. तीन महिन्यांनी एकदा गाठोडे सोडले तर अर्धे बी आतून पोखरलेले. लामिसी त्या भुग्याकडे बघत बराच वेळ बसली. आपण इथे मरू, हा विचार त्या दिवशी तिच्या मनात पहिल्यांदा आला. आणि मरेपर्यंत सगळे आपल्याशी असेच गोड वागतील, या विचाराने तिला पहिल्यापेक्षा जास्त घाबरवले.

तिच्याबरोबर आलेले हमाल मात्र मोकळे होते. त्यांना कुणी पाहुणे समजले नव्हते, त्यांनी ओढ्याचे पाणी प्यायले होते. त्यांचा म्होरक्या बावा काबोन्तोला जाऊन येऊन असे. चौथ्या महिन्यात तो आला तो डोक्यावर ओझे नसताना आला. रिकाम्या डोक्याने येणारा हमाल बघून ती समजली.

"सोआले?" तिने विचारले.

बावाने मान हलवली. "कातडं गुंडाळलंय, अक्का. तुमच्या भाच्याला, जिनापोरला, बसवायचं सगळ्यांनी ठरवलंय. पण उलगडणार कोण? तीन बाजार बुडाले. मीठवाले तांडे आता आपल्याकडे थांबतच नाहीत, माल डोक्यावर चढवून पुढे जातात."

"मग कुठे जातात?"

बावाने फक्त मागे वळून आसुबेनीच्या माळाकडे बघितले. तिथे बाजाराचे नवे मांडव घालणे चालू होते, खांब रोवल्याचे आवाज येत होते.

तेव्हा लामिसीला दाढदुखीचा, बकऱ्याचा आणि नदीचा अर्थ कळला. सार्पोंगला ती नको होती. सोआलेच्या खोकल्याची खबर त्याच्याकडे आधीच पोचली असणार. त्याला तिचे हात काबोन्तोपासून लांब हवे होते, बस. ती इथे बसून मटण खात असताना तिकडे तिचे गाव एकेका बाजाराने मरत होते.

भाऊ वारल्याची बातमी आसुबेनीत पसरली. दुखवट्याला जाणे तिथे कुणालाच टळत नाही. प्रमुखाच्या गावात राहणाऱ्या पाहुणीचा भाऊ वारला आणि प्रमुख दारावर आला नाही, तर ती पाहुणी नसून कैदी आहे हे त्याने स्वतःच कबूल केल्यासारखे झाले असते. पण सार्पोंगची मोठी अडचण होती. दुसऱ्याच दिवशी आसनांचा सण होता. त्याच्या पूर्वजांची धुराने काळी झालेली आसने एका खोलीत ठेवलेली असत, आणि सूर्य डोक्यावर येण्याआधी प्रमुखाने स्वतःच्या हाताने त्यांना नैवेद्य दाखवायचा असे. हे काम दुसऱ्याने केलेले चालत नसे. सार्पोंगने ठरवले, सकाळी जाता जाता बाईकडे टेकू, दोन घोट पाणी पिऊ, निघू.

तो आला. बाहेर छत्र धरलेले, ढोलवाले उभे, गावातली निम्मी माणसे अंगणात. सार्पोंग आत येऊन बसला. लामिसीने अंगावर लाल कापड घेतले होते, रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. तिच्या मनात दुसरे काहीच नव्हते. रीतीप्रमाणे तिने तुंबा पुढे केला. सार्पोंग प्याला. अंतोबामने दुःखाचे चार शब्द सांगितले, आणि ते खरोखर सुंदर सांगितले. मग सार्पोंगने मान हलवताच त्याने काठी जमिनीवर आपटली, आणि सवयीने त्याच्या तोंडून वाक्य निघाले, "घरच्या मालकीणबाई, नानांना वाट द्या."

लामिसीने हे वाक्य ऐकले. चार महिने ती हेच वाक्य म्हणत होती. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणत होते.

तिने तुंबा हळूच खाली ठेवला.

"आज वाट कशी देणार?" ती म्हणाली. "वार चांगला नाही."

अंगणातून कुणीतरी खुदकन हसले आणि लगेच खोकल्याचे सोंग केले. अंतोबामचे हसू तसेच राहिले, फक्त त्याच्या डोळ्यांतून निघून गेले. "मालकीणबाई, आज सण आहे. आजच्यासारखा वार नाही."

"आमच्याकडे सुतक आहे. सुतकाच्या घरात कुठला चांगला वार?"

"नानांना आसनांपाशी जायचंय."

"जातील की. बकरा पोसला गेला की जातील. मी पाहुण्याला रिकाम्या हाताने कशी पाठवू? मी तोंड कुठे लपवायचं?"

आता अंगणात कुणी हसले नाही. सार्पोंग उठून चालू लागला असता तर त्याला अडवणारे तिथे कोणी नव्हते. दोन पावलांवर दार होते. पण दाराबाहेर त्याचे सारे गाव उभे होते, आणि त्या प्रत्येकाने उंबरठ्यावर ताडी ओतलेली पाहिली होती. मालकिणीने वाट न देता प्रमुख निघाला तर उद्यापासून त्या रीतीला कोण विचारणार? आणि ती रीतच गेली, तर लामिसीला अडवून ठेवायला त्याच्याकडे उरणार काय? तो बसून राहिला. उन्हाची तिरीप दारातून आत आली आणि हळूहळू आखडत उंबरठ्याकडे जाऊ लागली. बाहेर ढोलवाले एकमेकांकडे बघू लागले. सार्पोंगच्या कपाळावर घाम आला. लामिसी त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर तिला स्वतःचाच तीन महिन्यांपूर्वीचा चेहरा दिसला, आणि ते बघताना तिला फार गोड वाटले. इतके गोड, की ती दचकली. हे ती कधी विसरली नाही.

शेवटी सार्पोंगने काठीवाल्याला बाजूला सारले आणि तो स्वतःच्या तोंडाने बोलला. त्याचा आवाज अनेकांनी पहिल्यांदाच ऐकला. घोगरा, साधा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"बाई, माझे पूर्वज उपाशी आहेत."

"माझं गाव उपाशी आहे," लामिसी म्हणाली.

त्याने दारातल्या तिरीपेकडे बघितले. मग सार्पोंगने गावाकडे तोंड केले आणि मोठ्याने म्हटले, "लामिसीला मी वाट दिली. नदीपर्यंत. नदीपलीकडेही. माझ्या तोंडाने दिली."

"नानांना मी वाट दिली," लामिसी तत्क्षणी म्हणाली.

तो आसनांकडे धावत गेला म्हणे. प्रमुखाने धावायचे नसते, तरी धावला. आणि लामिसी त्याच पावली उत्तरेकडे निघाली. तिने कपडे बांधले नाहीत, किडलेला कोला उचलला नाही. नावाड्याने विचारले, "वाट कोणी दिली?" तिने नाव सांगितले. नाव घेताना ती रडली, असे नावाड्यांच्या घरी अजून सांगतात.

काबोन्तोत तिने कातडे उलगडले. इतक्या दिवसांच्या वळ्या त्यात बसल्या होत्या, तिने तळहाताने त्या एकेक सपाट केल्या आणि जिनापोरला त्यावर बसवले. पुढच्या बाजाराला मिठाचे तांडे परत आले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण महिन्याभराने सार्पोंगने नव्या प्रमुखाच्या अभिनंदनासाठी कोला पाठवला, आणि तो घेऊन आला अंतोबाम. बाजारातून तो लामिसीच्या घराकडे येईपर्यंत त्याच्यामागे गर्दी जमली.

"या या, काठीवाले! किती दिवस राहणार?" एकजण ओरडला.

"अक्का, द्या त्याला पाणी!" दुसरा म्हणाला. "आमच्याकडे बकरे फार हळू पोसतात म्हणावं!"

सगळे हसले. बावासुद्धा हसला. लामिसी तुंबा घेऊन दारात आली. अंतोबाम उभा होता, उन्हाने ओठ फुटलेले, अंगावर धूळ. त्याने तुंब्याकडे बघितले. तहानलेला माणूस पाण्याकडे असे बघत नाही. पायाशी साप दिसावा तसा तो बघत होता.

लामिसीच्या जिभेवर सगळी उत्तरे तयार होती. वार, दाढ, नदी, सगळी. तिला ती पाठ होती, कारण त्यानेच शिकवली होती. त्याला ठेवून घेतले असते तर काबोन्तोत एकाही माणसाने तिला बोल लावला नसता. आणि तिला ते हवे होते. त्या दिवशी उन्हाची तिरीप बघताना लागलेली गोडी अजून तिच्या तोंडात होती.

तिने रस्त्याकडे हात केला. "तुमची वाट तुम्हाला दिली," ती म्हणाली. "पाण्याच्या आधी दिली. सगळ्यांनी ऐकलंत? आजपासून या गावात अशीच देतील. मागून मिळालेली वाट मी बघून आले. ती वाट नसते."

अंतोबामला ते पटले नाही. आयुष्यभर गोड बोलून माणसे अडवणाऱ्याला गोड शब्दांचा भरवसा कसा वाटणार? त्याने काठी उचलली, पाठ फिरवली आणि नदीकडे चालू लागला. पाय ओढत होता, तरी चालत होता. गर्दी त्याच्यासाठी बाजूला झाली. लामिसीने तोंड घराकडे वळवले आणि ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

नावाड्याने दोर सोडला. अंतोबाम नावेत बसला, पलीकडे उतरला. तिथे तो म्हणे बराच वेळ उभा होता, कोणी मागून येते का ते बघत. कोणी आले नाही. मग तो परत नावेत बसला. दारात आला तेव्हा लामिसी तशीच उभी होती.

"पाणी द्या, अक्का," तो म्हणाला. "घसा सुकला." त्याने तिला पाहुणेबाई म्हटले नाही.

आजही काबोन्तोत पाहुण्याला आधी वाट देतात, आणि पाहुणा दारातून मागे फिरून सात पावले रस्त्यावर जातो. काही जण खरोखरच निघून जातात, त्यांना कोणी बोल लावत नाही. बाकीचे परत येतात आणि स्वतःच्या तोंडाने पाणी मागतात. पण ती सात पावले तो चालत असताना घरची बाई त्याच्याकडे पाठ करून उभी असते, भरलेला तुंबा हातात घेऊन, भिंतीकडे बघत. इद्रिसूबाबांना कुणी विचारले की पाठ कशाला, तर ते सांगतात, त्या दिवसाबद्दल लामिसी जन्मभर हेच म्हणत राहिली: मी वळून बघितले असते, तर त्याला हाक मारली असती.